मुलीचे मामा कुठं आहेत?

मंडपवाल्याला गावात कुणी विचारत नाही आणि मंडपवाल्यावाचून गावाचं काही होत नाही. लग्न, बारसं, तेरावा, सप्ताह, उरूस, पुढाऱ्याचा वाढदिवस आणि त्याच पुढाऱ्याच्या निषेधाची सभा, सगळ्यांना डोक्यावर कापड लागतं. ते कापड मुखेडला आणि आसपासच्या खेड्यांना आमच्या घरानं पुरवलं, आधी वडिलांनी, मग मी. आता धंदा मुलगा बघतो. मी गोदामाच्या दारात खुर्ची टाकून बसतो आणि कुणी न मागता सल्ले देतो. संपादकांनी दिवाळी अंकासाठी लिहा म्हटलं तेव्हा मी म्हणालो, साहेब, मी काय लिहिणार? मी कार्यक्रमाच्या आधी येतो आणि कार्यक्रम संपल्यावर येतो. मधलं मला माहीत नसतं. ते म्हणाले, मग तेच लिहा.

बाहेरच्या माणसाला वाटतं मंडप म्हणजे चार खांब आणि वर छत. तेवढंच असतं तर प्रत्येकानं आपापला बांधला असता. मंडप उभा करणं म्हणजे वाऱ्याशी सौदा करणं. कापड घट्ट ताणलं तर वारा ते फाडतो, सैल सोडलं तर आत शिरून खांबासकट उचलतो. त्यामुळं कुठं ताणायचं आणि कुठं ढील द्यायची हे हाताला कळावं लागतं. आणि हे काम एकट्याचं नाही, जोडीचं आहे. एक जण खांबावर चढून वर छत बांधतो, दुसरा खाली खांबाच्या बुडाला पाय लावून खांब धरून उभा राहतो. वरच्याचे दोन्ही हात गाठीत गुंतलेले असतात. खांब हलला तर त्याला धरायला तिसरा हात नसतो. म्हणून आमच्यात वर चढणाऱ्याला कुणी विचारत नाही तू किती चढतोस. विचारतात, तुझ्या खाली कोण?

ज्ञानोबाच्या खाली मारुती आणि मारुतीच्या खाली ज्ञानोबा. माझ्याकडची सगळ्यात जुनी जोडी. दोघं मुखेडजवळच्या एकाच गावचे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथं मला अजून मंडप घालायचे आहेत. ज्ञानोबा मराठा, मारुती धनगर. ज्ञानोबा बोलका, गाणी म्हणत चढणारा. मारुती घुम्या. तो खाली असला की खांबाशीच बोलतो असं आम्ही चिडवायचो. मारुतीच्या बायकोला, कौसाबाईला, सख्खा भाऊ नाही. तिनं लग्न होऊन आल्यावर पहिल्याच भाऊबीजेला ज्ञानोबाला ओवाळलं आणि ते पुढं दर वर्षी चालू राहिलं. मारुतीची मुलगी रेणुका ज्ञानोबाला मामा म्हणत मोठी झाली.

या दोघांबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या गावातल्या एका गणेश मंडळाचा मंडप वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडं होता. एका वर्षी मंडळाचा अध्यक्ष गोदामात आला, चहा प्याला आणि म्हणाला, "चाचा, राग मानू नका, पोरांचं म्हणणं हाय की यंदा आपला मंडपवाला बघावा." मी म्हणालो, "मग मी कुणाचा?" तो म्हणाला, "तसं न्हाई ओ." तसंच होतं. राग मानू नका म्हणाला, पण मी मानला. आजही आहे. संध्याकाळी मला कळलं की ज्ञानोबा आणि मारुती, मला न विचारता, त्याच्या घरी जाऊन भांडून आले होते. ज्ञानोबानं भाषण केलं आणि मारुती दारात नुसता उभा राहिला. त्याचं उभं राहणंच जास्त लागलं म्हणे. मंडळ परत आलं नाही, पण मला त्या दिवशी एकटं वाटलं नाही.

मग आरक्षणाचं आंदोलन पेटलं. मराठ्यांना ओबीसीतून आरक्षण द्या, ही एका बाजूची मागणी. आमच्या वाट्यातलं देऊ नका, ही दुसऱ्या बाजूची. तहसीलसमोर रस्त्याच्या या कडेला एक उपोषण बसलं आणि आठवड्याच्या आत त्या कडेला दुसरं. दोन्ही मंडप माझे.

उपोषण हे आमच्या धंद्यातलं वेगळंच गिऱ्हाईक. जो उपाशी बसतो त्याला एक गादी आणि एक लोड पुरतो. त्याच्याभोवती जे जेवून येऊन बसतात त्यांना मात्र कूलर लागतो, खुर्च्या लागतात, माइक लागतो. माझ्याकडं त्या वेळी एकच मोठं छत कोरं होतं, बाकीची ठिगळाची. कोरं कुणाला द्यायचं? मी म्हटलं कुणालाच नको, आणि न्याय म्हणून दोघांनाही ठिगळाचं दिलं. झालं, दोन्हीकडून माणसं आली. "त्यांच्यामुळं आमच्या माथी ठिगळ कामून?" दोघांचं वाक्य अगदी एकच. दोन्ही मंडपांच्या फलकांवरही एकच ओळ होती, एकजुटीचा विजय असो. अक्षरही एकाच छापखान्याचं. मी आयुष्यात एकजुटीचे इतके फलक बांधलेत की कुठलाही पुढारी माझ्या पासंगाला पुरणार नाही. पण रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर एकजूट बांधायची वेळ पहिल्यांदाच आली.

जोडी मी नेहमीचीच पाठवली होती. सकाळी या बाजूला, दुपारी त्या बाजूला. काम संपलं की दोघं आपापल्या समाजाच्या मंडपात जाऊन बसायचे. ज्ञानोबा इकडं, मारुती तिकडं. सकाळी पुन्हा गोदामात एकत्र. एकदा मी त्यांचं बोलणं ऐकलं. सतरंज्यांच्या ढिगावर बसून दोघं भाकरी खात होते.

ज्ञानोबा म्हणाला, "माझं पोरगं लातूरला क्लासला राहिलं. एका खोलीत पाच जण. रानातलं सगळं पीक त्याच्या क्लासला लावलं. मार्क तुझ्या रेणुकापेक्षा जास्त पडले. नंबर लागला का? न्हाई. घरी बसून हाय. ते तोंडाकडं बघतंय माझ्या. मी कुणाला मागू?"

मारुतीनं हातातला तुकडा परत फडक्यात ठेवला. मग म्हणाला, "रेणुका माझ्या खानदानात शिकलेली पयली पोरगी. माझा बाप मेंढरामागं फिरून मेला. आता कुठं तिला नांदेडला नर्सिंगला जागा मिळाली. एक दार उघडलंय आमच्यासाठी. तुम्ही म्हणायलेत आम्ही बी ह्याच दारातून येतो. दाटी झाली तर चेंगरणार कोण, सांग."

"रेणुकाचं काढून घ्या म्हणालो का मी?"

"तू न्हाई म्हणला. तुझा मंडप म्हणायलाय."

दोघंही खरं बोलत होते, हीच पंचाईत. एक जण खोटा असता तर मी त्याला झापून गप्प बसवलं असतं. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "दोनों के बीच में नक्को पडो. अपन छत देनेवाले." मलाही तेच पटलं होतं. आपण छत देणारे. ऊन लागू नये एवढं बघायचं, खाली कोण बसतं ते बघायचं नाही. आयुष्यभर हेच माझं तत्त्व होतं आणि त्याचा मला थोडा गर्वही होता.

तो गर्व एका मोबाईलनं उतरवला. ओबीसींच्या मंडपाचा फलक वाऱ्यानं सुटला होता. ज्ञानोबा वर चढून तो बांधत होता, खाली मारुती खांब धरून होता. कुणीतरी त्याची चित्रफीत काढली, वर गाणं लावलं आणि खाली लिहिलं, आपलाच माणूस बघा कुणाचा झेंडा बांधतोय. दुपारपर्यंत ती सगळ्या तालुक्यात फिरली. ज्ञानोबाच्या गावात बैठक बसली. त्याच सुमाराला गावातल्या दोन्ही बाजूंनी ठराव केले होते. त्यांच्या हॉटेलात जायचं नाही, त्यांच्या दुकानात जायचं नाही, त्यांच्या लग्नाकार्याला जायचं नाही. आधी कुणी केला हे ज्याला विचाराल त्याच्यावर अवलंबून आहे. ज्ञानोबाला बैठकीत उभं केलं. मारलं नाही, शिवी दिली नाही. त्याचा चुलता एवढंच म्हणाला, "तुझ्या पोरासाठी आम्ही उपाशी बसायलो आणि तू तिकडं गाठी मारायलास?" त्यात खोटं काय होतं?

दोन दिवसांनी ज्ञानोबा गोदामात आला. आत आला नाही, दारातच उभा राहिला.

"चाचा, मला येगळं काम द्या. मारुतीसंगं नको."

"भांडलात का?"

"न्हाई ना. भांडलो असतो तर बरं झालं असतं. भांडण मिटतंय."

मी त्यांना वेगळं केलं. ज्ञानोबाला एक नवा माणूस दिला, मारुतीला दुसरा. दोघंही जपून, हळू चढायला लागले. ज्ञानोबाचं गाणं बंद झालं. अर्धापूरला केळीच्या एका बागायतदाराकडचं लग्न होतं, तिथं ज्ञानोबा अर्ध्या खांबावरून खाली उतरला आणि म्हणाला, खालचा हात भरवशाचा वाटत नाही. तो नवा माणूस ज्ञानोबाच्याच जातीचा होता, मीच बघून दिला होता. पुढं पुढं तर गिऱ्हाइकंही विचारायला लागली. पूर्वी लोक झालर कोणत्या रंगाची विचारायचे. आता विचारतात, "बांधायला कोण येणार? त्यांची माणसं नका पाठवू." मी म्हणायचो, "मालकच त्यांचाही नाही आणि तुमचाही नाही, चालेल का?" काही जण हसायचे. काही जण खरंच विचार करायचे.

या सगळ्यात रेणुकाचं लग्न ठरलं. मुलगा उदगीरकडचा, दवाखान्यात नोकरीला. लग्न मारुतीच्या दारात, गावात. आमच्याकडं लग्नात मुलीच्या मामाचं काम काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगतो. मामा तिला घरातून हात धरून मांडवात आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. बाप नाही, मामा. कौसाबाई ज्ञानोबाच्या दारात जाऊ शकत नव्हती, ठराव आडवा होता. ती पाणंदीच्या वाटेवर त्याची वाट बघत थांबली. हे तिनंच मला नंतर सांगितलं. म्हणाली, "दादा, रेणुकाच्या पाठीशी तुम्हीच उभं राहायचं. मला दुसरा भाऊ न्हाई." ज्ञानोबा म्हणाला, "बघतो, आक्का." एवढ्या वर्षांत त्यानं कौसाबाईला कुठल्याही गोष्टीला 'बघतो' म्हटलं नव्हतं. तरी तिनं मामाचा आहेर आणून ठेवला, फेट्यासकट.

मांडव घालायला मी स्वतः गेलो. आमच्या भागात मांडवाच्या दिवशी बैलगाडीतून हिरवे डहाळे आणतात, वाजतगाजत. त्या गावात लग्न कुणाच्याही घरचं असो, डहाळे एकाच मळ्यातल्या जांभळीचे यायचे. मळा मराठ्यांचा. रेणुकाच्या वेळी गाडी त्या बांधापर्यंत गेली आणि परत आली. कुणी अडवलं नाही म्हणे, नुसती बांधावर माणसं बसलेली होती. मग मारुतीच्या भावकीनं कुठून तरी दुसऱ्या शिवारातून कडुलिंबाच्या फांद्या आणल्या. मारुतीनं त्या माझ्या हातात दिल्या आणि खांबाच्या बुडाशी जाऊन उभा राहिला. मुलीच्या बापानं मांडवाचं काम करू नये म्हणतात. मी त्याला बाजूला हो म्हणालो. तो म्हणाला, "मग खाली कोण उभारणार?"

लग्न दुपारचं. एरवी मी मधल्या वेळी नसतो, त्या दिवशी भोंग्यांच्या मशीनवर स्वतः बसलो. अर्धा गाव आला नाही. पलीकडच्या गल्लीतली माणसं दारात बसून वाजंत्री ऐकत होती. मांडवात खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून मी माझ्या माणसांना मागच्या रांगा उचलायला लावल्या. ही आमची जुनी युक्ती, सभांना कामी येते. लग्नात पहिल्यांदाच वापरली.

वेळ झाली. निवेदक माइकवर आला. तो उदगीरचा, त्याला इथलं काही माहीत नव्हतं. म्हणाला, "मुलीच्या मामांना विनंती आहे, मुलीला मांडवात घेऊन यावं." कुणी हललं नाही. त्याला वाटलं ऐकू गेलं नसेल. पुन्हा म्हणाला, जरा जोरात, "मुलीचे मामा कुठं आहेत? मुलीचे मामा लवकर या, वेळ होतेय." दोन्ही भोंगे मी नेहमीप्रमाणे उंचावर बांधले होते. आवाज गल्लीतून, देवळावरून थेट पलीकडच्या वस्तीत, ज्ञानोबाच्या घरापर्यंत जात होता. सगळ्यांना ते कळत होतं. बायका खाली बघत होत्या. मशीनवर माझा हात होता. आवाज कमी करता आला असता. मी केला नाही. म्हटलं, ऐकू दे. सगळ्या गावाला ऐकू दे. मला त्या क्षणी ज्ञानोबाचा, त्याच्या चुलत्याचा, दोन्ही ठरावांचा आणि माझ्या त्या छताच्या तत्त्वाचा इतका संताप आला होता की निवेदकानं दिवसभर हाक मारली असती तरी मी बटन फिरवलं नसतं.

तिसऱ्या हाकेनंतर कौसाबाई घरातून आली. तिनं फेटा आपल्याच नात्यातल्या एका लांबच्या चुलतभावाच्या डोक्यावर ठेवला. तो बिचारा ओशाळला. त्यानं रेणुकाला आणलं आणि तिच्या पाठीशी उभा राहिला. मंगलाष्टकं चालू असताना मुली एकदा तरी चोरून मागं बघतात, मशीनवर बसणारी माझी पोरं नेहमी सांगतात. रेणुकानं एकदाही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेम्पो घेऊन मांडव सोडायला गेलो. ज्ञानोबा आला. आडवाटेनं नाही, भर गल्लीतून, सगळ्यांच्या देखत चालत आला. म्हणाला, "सोडायला आलो, चाचा. लग्नाला जाऊ नको म्हणले. मांडव सोडायला जाऊ नको, असं कुणी म्हणलं न्हाई."

तो खांबाला लागला. चढायला त्यानं हात घातला आणि सवयीनं थांबला, खाली बघितलं. मारुती ओसरीवर बसला होता. उठला, आला, बुडाला पाय लावून उभा राहिला. दोघांनी सगळा मांडव उतरवला. छत खाली आलं, कनाती गुंडाळल्या, पाइप सुटे झाले. ज्ञानोबाचं गाणं नव्हतं, पण हात पूर्वीसारखेच चालले. माझ्या इतर माणसांना निम्माही मांडव इतक्या वेळात सुटला नसता. बघताना मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

घराचं दार अर्धं लोटलेलं होतं. कौसाबाई आतच होती, भांडी वाजत होती. ज्ञानोबा त्या दाराकडं बघून दोरी गुंडाळत होता. शेवटी तोच बोलला.

"आवाज आला मला. घरात बसून ऐकला. पोरगं म्हणालं, दादा, तुम्हालाच बोलवायलेत."

मारुतीनं पाइपांची मोळी टेम्पोत सरकवली.

"आलो असतो मारुती. पण मग उद्या माझ्या पोराच्या लग्नाला कोण आलं असतं? सांग ना. कोण आलं असतं?"

मारुतीनं त्याच्या हातातली दोरी घेतली, टेम्पोत टाकली.

"मी आलो असतो," तो म्हणाला, आणि घरात गेला.

ज्ञानोबा मोकळ्या अंगणात तसाच उभा राहिला. मग मी त्याला टेम्पोत बस म्हणालो, तर तो नको म्हणाला आणि आल्या वाटेनं चालत गेला.

या गोष्टीला आता वर्ष झालं. उपोषणं सुटली, पुन्हा बसली, पुन्हा सुटली. सरकारनं एकाला एक सांगितलं, दुसऱ्याला दुसरं. ठिगळाची दोन्ही छतं अजून वापरात आहेत. ज्ञानोबाच्या मुलाला एका खाजगी कंपनीत काम लागलं, आणि तुळशीच्या लग्नानंतर त्याचं लग्न आहे. मंडपाचं सांगायला ज्ञानोबा गेल्या आठवड्यात आला होता. झालर, स्टेज, खुर्च्या, सगळं सांगून झालं. जाताना दारात वळून म्हणाला, "माणसं कोणती पाठवायची ते तुम्हीच बघा, चाचा."

त्याला काय म्हणायचंय ते मला कळलं. मारुती रोज सकाळी गोदामात येतो, कापडं मोजून टेम्पोत भरतो. ज्ञानोबाच्या मांडवाला येतोस का, असं त्याला विचारायला मी रोज तोंड उघडतो, आणि चहा सांगतो.